धूर मोजणारे सुरवाडे नाना

सुरवाडे नानांनी कधी कोणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. भेट झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काल किती जाळलं?"

माझ्या सासूबाईंना त्यांनी आमच्या दारात उभं राहून हा प्रश्न विचारला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला. आदल्याच दिवशी त्यांच्या हातून दुधाचं पातेलं करपलं होतं आणि ते त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"एवढंसं बुडाला लागलं होतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दूध नाही, अक्का. लाकूड. बंबात किती, चुलीत किती, आणि स्टोला रॉकेल किती?"

असं म्हणून नानांनी खांद्यावरच्या खाकी पिशवीतून ताणकाटा काढला, कोपऱ्यातली लाकडाची मोळी त्याच्या आकड्याला अडकवली आणि डोळे बारीक करून वजन वाचलं. वहीत लिहिलं. "उद्या याच वेळी येतो. उरलेलं मोजायला."

आणि आले. सलग सात दिवस आले. चौथ्या दिवशी आमच्याकडे भडगावहून पाहुणे आले होते. बंब दोनदा पेटला, चूल दुपारपर्यंत विझली नाही. सासूबाईंना अपराध्यासारखं वाटलं. "तुमचं मोजमाप बिघडलं असेल," त्या म्हणाल्या.

"बिघडायचं काय त्यात? पाहुणे येतातच. पाहुण्यांचा धूर वेगळ्या रकान्यात लिहिलाय."

तेव्हा मी जळगावच्या एका कॉलेजात टायपिस्ट होते आणि सुरवाडे नाना त्याच कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक. राहायला आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. माणूस उंच, किडकिडीत. पांढऱ्या शर्टाला ॲसिडची बारीक भोकं. खिशाला दोन पेनं, एक शाईचं आणि एक "पावसात भिजलं तरी चालणारं". वाहन सायकल. "हिचा धूर शून्य," असं ते न विचारताही सांगायचे.

मूळचे ते साक्री तालुक्यातले. धुळ्याच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी. झालेले. पुढे शिकून प्राध्यापक व्हायचं होतं, पण तेवढ्यात वडील गेले, पाठची भावंडं लहान होती, म्हणून मिळाली ती नोकरी धरली. भावंडं शिकून आपापल्या मार्गाला लागली. नानांची बायको लग्नानंतर सहा-सात वर्षांतच वारली, मूलबाळ नव्हतं. घरात बुद्धाची एक पितळी मूर्ती, पुस्तकांची दोन कपाटं आणि एक खाट. जेवण स्टेशनजवळच्या खानावळीत. यातलं काहीही ते स्वतःहून सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "ते जाऊ द्या. तुमच्याकडे सिलिंडर किती दिवस जातो?"

हे वेड त्यांना लागलं ते रेडिओमुळे. नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. कोणा शास्त्रज्ञाचं भाषण लागलं होतं. जाळलेल्या प्रत्येक वस्तूतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेत साठतो, त्यानं पृथ्वी तापत चालली आहे, असं ते सांगत होते. आणि शेवटी म्हणाले की, आपली शहरं असा किती वायू सोडतात हे आपल्याला नीटसं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले. कोणीतरी त्यांचा वैयक्तिक अपमान केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"महाजन बाई, माहीत नाही म्हणजे काय? मोजलं की कळतं!"

"पण नाना, अख्खं जळगाव कसं मोजणार?"

"एका टोकाकडून."

आमच्या हेडक्लार्कनं हसून विचारलं, "नाना, मे महिन्यात इथं डांबर वितळतं. जळगाव आणखी तापायचं काय राहिलंय?"

"तेच तर," नाना म्हणाले. "ज्याला ताप आहे त्यानंच थर्मामीटर लावून घ्यायचा असतो."

त्यानंतर दोन वर्षं जळगावात जिथं जिथं काही जळत होतं तिथं तिथं नाना उभे राहिले. वखारी झाल्या, वीटभट्ट्या झाल्या, बेकऱ्या झाल्या. डाळमिलच्या भट्टीवाल्याशी त्यांनी मैत्री केली. इस्त्रीवाल्यांचे कोळसे मोजले. नशिराबादच्या बाजूला हायवेवर एका चहाच्या टपरीशेजारी लिंबाखाली बसून त्यांनी तीन दिवस ट्रक, टेम्पो, एसट्या आणि फटफट्या मोजल्या, त्याही मे महिन्यात. तिसऱ्या दिवशी ऊन लागून पडले. टपरीवाल्यानं डोक्यावर पाणी ओतलं, कांदा हुंगवला. शुद्धीवर आल्यावर नाना म्हणाले, "मधे किती गेले?" टपरीवाल्यानं अर्थातच मोजले नव्हते. नानांनी तिन्ही दिवस रद्द केले आणि पुढच्या आठवड्यात पहिल्यापासून सुरुवात केली.

म्हशींचा प्रसंग तर गल्लीत अजून सांगतात. गाई-म्हशींच्या ढेकरातून मिथेन निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जहाल, असं नानांनी कुठंसं वाचलं. मग काय, घड्याळ घेऊन ते गवळ्याच्या गोठ्यात जाऊन बसले. गवळी दोन तास सगळं पाहत होता. शेवटी म्हणाला, "नाना, दूध मोजायला लोक येतात. ढेकर मोजायला तुम्ही पहिलेच."

स्मशानातही ते गेले. एका माणसाला किती लाकूड लागतं, हा त्यांचा प्रश्न. तिथल्या माणसानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमच्यासाठीच पाहिजे का?" नानांनी शांतपणे सांगितलं, "नाही, सरासरी पाहिजे."

पण लोकांशी त्यांचा खरा झगडा होता तो एका आकड्यावरून. शुद्ध कोळसा बारा किलो जळला तर चव्वेचाळीस किलो वायू तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो. नाना सगळीकडे सांगत सुटायचे, "बाराचे चव्वेचाळीस होतात, बाराचे चव्वेचाळीस!" लोकांना काही हे पटेना. जाळलं की वस्तू कमी होते, वाढेल कशी? वखारवाला तर चिडलाच. म्हणाला, "असं असतं तर मी लाकूड कशाला विकलं असतं? धूरच विकला असता." चौकात आकडा लावणाऱ्या दोघा-तिघांना वाटलं, नानांना कुठूनतरी खबर लागते. त्यांनी चव्वेचाळीस लावून पाहिला. लागला नाही म्हणून ते रागावून जाब विचारायला आले.

"लागेल कसा?" नाना म्हणाले. "तुम्ही ऑक्सिजन कुठे धरलात?"

कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये ते धुळ्यालाही जाऊन आले, ताडून पाहायला दुसरं शहर हवं म्हणून. तिथं वसतिगृहातले त्यांचे जुने मित्र होते. त्यांनी आधी चेष्टा केली, मग दोन-चार दिवस सोबत हिंडले. पण प्राथमिक अंदाजात धुळ्याचा धूर जळगावपेक्षा कमी भरतोय असं नानांच्या तोंडून निघालं, तेव्हा मित्र उखडले. "आमच्याकडे काय कारखाने नाहीत? हायवे नाही? नीट मोज पुन्हा!" कमी असणं चांगलं असतं, हे नाना परोपरीनं सांगत होते. मित्रांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

यात सगळ्यात किचकट काम घरांचं होतं. नानांनी वेगवेगळ्या गल्ल्यांतली शंभर घरं निवडली. गॅसवाली, स्टोवाली, चुलीची, शेगडीची. प्रत्येक घरी सात दिवस जायचं, जळण मोजायचं. आणि जळणाबरोबर पिठाचा डबाही मोजायचा. हा त्यांचा ताळा. एवढ्या पिठाच्या भाकरी भाजायला साधारण एवढं लाकूड लागतं, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. कोणी मोळी लपवली किंवा जास्तीची सांगितली तर पिठावरून कळायचं. डबा मात्र ते कधी उघडत नसत. झाकण लावलेला डबाच काट्याला अडकवायचे. "लोकांच्या पिठात आपण डोकावू नये," असं त्यांचं म्हणणं.

त्या शंभर घरांचे तक्ते टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेज सुटल्यावर मी अर्धा-पाऊण तास थांबायचे आणि नाना शेजारी स्टुलावर बसून आकडे वाचायचे. एकदा माझ्या हातातल्या कार्बन पेपरकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "बाई, हा तुम्ही जाळत तर नाही ना?"

अशाच एका संध्याकाळी सत्त्याऐंशी नंबरचं घर आलं. जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या हिराक्कांचं. नाना वाचत होते, मी टाइप करत होते. जळणाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, पहिला दिवस इतक्या, दुसरा दिवस तितक्या, दोन्ही वेळा. मग पिठाचा डबा. पहिला दिवस नऊशे ग्रॅम. दुसरा दिवस नऊशे. तिसरा नऊशे.

"नाना, ओळ चुकली का?" मी विचारलं. "तेच तेच वाचताय."

नानांनी वही जवळ घेतली. सातही दिवस नऊशे.

"मग लिहिताना चूक झाली असेल," मी म्हटलं. " हे घर सोडून द्या. नव्व्याण्णव घरांनी काय बिघडतंय?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मोजण्यात चूक नाही," ते म्हणाले. "नऊशे ग्रॅम हे नुसत्या डब्याचं वजन असतं." आणि वही मिटून उठले. दारापर्यंत गेले, परत वळले. "उद्या रविवार आहे. सकाळी माझ्याबरोबर याल? बाईमाणूस एकटं आहे घरात."

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही त्या गल्लीत शिरलो. हिराक्कांच्या कौलातून धूर निघत होता. जवळ गेलो तर भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप, थप थप. मला हायसं वाटलं. नाना मात्र दाराशी थबकले होते. कान देऊन ऐकत होते.

"अक्का," त्यांनी हाक मारली.

आवाज थांबला. दार लोटलेलंच होतं. आत चुलीत दोन-तीन पऱ्हाट्या जळत होत्या, वर तवा तापलेला. तव्यावर काही नव्हतं. परातीत काही नव्हतं. हिराक्का पाटावर बसल्या होत्या, साठी उलटलेल्या, नीटनेटक्या, कपाळावर गोंदण, आणि त्यांचे दोन्ही तळहात पाण्यानं ओले होते. भाकरी नव्हतीच. त्या नुसते हात एकमेकांवर थापत होत्या.

"आतेच खाई लिधं भाऊ," त्या घाईघाईनं अहिराणीत म्हणाल्या. "बठ्ठ्या भाकरी सरनात. तुमले उशीर व्हयना."

नानांनी परातीकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "मी बाहेर ओट्यावर आहे," आणि निघून गेले.

हिराक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले. काय विचारावं हे मला सुचत नव्हतं, आणि बहुतेक त्यामुळेच त्या बोलल्या. नवरा जिनिंगमध्ये होता, तो गेला. त्या डाळ निवडायला जायच्या, पण ते काम या हंगामात बंद होतं. मुलगा सुरतला लूमवर गेला होता. आधी पत्र यायचं, आता येत नव्हतं. दिवसातून एकदा मुरमुरे आणि काळा चहा, एवढ्यावर चाललं होतं.

"मग चूल कशाला पेटवता अक्का? आणि हे हात..."

"धूर दिखना म्हंजे लोके म्हंतस, अक्काना घर भाकर व्हयनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नही दिखना ते कोनीतरी ताट लई येस. मंग बठ्ठी गल्ली मन्हा पोऱ्याले नावं ठेवस. तो वाईट नही शे, बाई. त्याले काही अडचन शे."

बाहेर आल्यावर मी नानांना सगळं सांगितलं. ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"सात दिवस मी इथं येत होतो," ते म्हणाले. "सात दिवस मी हिचं लाकूड मोजलं."

"मी रोज घरून ताट पाठवते," मी म्हटलं.

"घेणार नाही. ताट येऊ नये म्हणून तर ती चूल पेटवते."

त्यांनी पिशवीचा पट्टा दोनदा आवळला, सोडला. मग उठले. त्यांचा चेहरा मी ओळखत होते. टपरीवर ऊन लागून पडल्यानंतर पहिल्यापासून ट्रक मोजायला निघालेल्या माणसाचा तो चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाण्याआधी ते मला पुन्हा तिथं घेऊन गेले. सायकलच्या कॅरियरला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी बांधलेली, हँडलला वांगी, मिरच्या, शेंगदाणे आणि तेलाची बाटली. ओट्यावर उभं राहून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा कडक आवाजात ते म्हणाले, "अक्का, तुमच्या घरच्या मोजमापात खोट निघाली आहे."

हिराक्का घाबरल्या. "मी काय करं भाऊ?"

"तुमची चूल अर्धीच चालते. असला अर्धवट आकडा मला चालत नाही. मला भाकरीची चूल पाहिजे. रोज दोन वेळा, दोन माणसांच्या भाकरी, कालवण, सगळं. निदान एक वर्ष. तीनही ऋतू यायला हवेत."

"आन् हाई पीठ?"

"प्रयोगाचं."

"मी कोन्हं फुकटनं खात नही," हिराक्कांनी मान ताठ केली.

"खा असं कोण म्हणतंय? तुम्ही भाजायच्या, मी जळण मोजायचं. झालं काम."

"आन् भाकरी?"

नानांनी वहीत काहीतरी शोधण्याचं नाटक केलं. "भाकरींचं इथं काही लिहिलेलं नाही. टाकून द्या."

हिराक्का ताडकन उठल्या. "भाकर फेकतस का कोनी? साक्रीकडला ना तू? मायनी हाई शिकाडं तुले?"

"मग काय करायचं म्हणता?"

"एक तू खाय. एक मी खास."

"बरं," नाना म्हणाले आणि वहीत लिहिलं. मी बाजूला उभी होते. त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं. नुसती आडवी रेघ ओढली होती.

त्या दिवसापासून नाना स्टेशनजवळच्या खानावळीत गेले नाहीत.

अहवाल पुरा झाला तेव्हा एकशे चाळीस पानं भरली. नाना तो घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. सरांनी दोन दिवस ठेवून घेतला. चांगला वाटला असावा, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी नानांना बोलावून सांगितलं, "मुखपृष्ठावर माझं नाव घाला, खाली 'सहायक' म्हणून तुमचं येईल." मी तेव्हा सरांच्या सह्या घ्यायला तिथंच उभी होते.

"सर, धूर मी खाल्लाय," नाना म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही.

सरांना राग आला. त्यांनी पानं उलटली. "आणि हे काय? घरांच्या प्रकरणात हे एक वाक्य. 'एका घरी चूल पेटते, परंतु स्वयंपाक होत नाही. हा धूर धरला आहे.' असली ओळ शास्त्रीय अहवालात शोभत नाही. सरासरी बिघडते. निदान हे घर तरी काढा."

"सरासरी बिघडत असेल तर बिघडू द्या, सर. ती चूल पेटली आहे."

"मग विभागाचा शिक्का मिळणार नाही."

"चालेल."

आणि खरंच, त्या अहवालावर कोणाचाच शिक्का नव्हता. 'वामन सुरवाडे, जळगाव' एवढंच. मी चार प्रती काढल्या. नानांनी त्या चार कार्यालयांत स्वतः नेऊन दिल्या, दोन इथल्या आणि दोन बाहेरगावच्या. एका साहेबांनी विचारलं की हे कोणत्या योजनेखाली येतं? नाना म्हणाले, "पृथ्वीखाली." साहेबांनी प्रत ठेवून घेतली. दुसरीकडून अहवाल पोहोचल्याचं एक पोस्टकार्ड आलं. बाकी दोन ठिकाणांहून तेवढंही नाही.

मला वाईट वाटलं. दोन वर्षं माणूस उन्हातान्हात हिंडला, हाती काय आलं? असं मी बोलूनही दाखवलं.

"हाती काय आलं म्हणजे?" नानांना माझा प्रश्नच कळला नाही. "माहीत नव्हतं, आता माहीत आहे." आणि पुढच्याच सोमवारी ते वखारीत जाऊन उभे राहिले. वर्ष बदललं होतं, म्हणजे आकडे बदलले असणार. ते बदललेले आकडे मोजायला नकोत? असे ते पुढं दरवर्षी मोजत राहिले. लोकांनाही सवय झाली. नाना दिसल्या दिसल्या वखारवाला वही पुढं करायचा. आमच्याकडे गॅस आला त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः नानांना निरोप पाठवला, "म्हणावं, आमचा रकाना बदला."

नाना निवृत्त झाले त्यानंतर काही महिन्यांची गोष्ट. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली होती. दुपारी मी त्यांच्या घरी गेले, तर कुलूप. कुठं असतील ते विचारायची गरज नव्हती. मी जिनिंगच्या मागच्या गल्लीत गेले.

हिराक्का खूप थकल्या होत्या. फुंकर घालायला दम पुरत नव्हता. चुलीची जागा सारवून साफ केलेली होती आणि तिथं रॉकेलचा स्टो होता, नानांनीच आणलेला. मला पाहून त्यांनी तिसरं ताट मांडलं, नको म्हणायला जागाच ठेवली नाही. नाना मागच्या नळावर हातपाय धूत होते.

मी सहज म्हटलं, "अक्का, चूल गेली. आता नानांचा प्रयोग कसा चालायचा?"

हिराक्कांनी मागच्या दाराकडे पाहिलं. पाण्याचा आवाज चालू होता. त्या माझ्याकडे वाकल्या.

"परयोग कवयच सरना, बाई," त्या कुजबुजल्या. "पयला वरीसलेच सरना. माले बठ्ठं समजस. मन्हा पोऱ्या आते पैसा धाडस, माले काही कमी नही शे. पीठबी मीच आनस, नानाले वाटस त्यानं आनेलच पुरी राहिनं." त्यांनी भाकरीचा पापुद्रा बोटानं उचलून त्यात तेलाची धार सोडली, ते ताट नानांच्या जागी ठेवलं. "पन एकल्या मानुसले भाकर गोड लागत नही. मी बोलनी ते तो येनं बंद करी दी. म्हनीसन मी गप शे. तूबी गप राय."

नळ बंद झाला. नाना पंचानं तोंड पुसत आत आले. आमच्या दोघींकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं.

"काय म्हणत होत्या अक्का?"

"काही नाही, नाना," मी म्हटलं. "बसा. भाकरी निवतेय."

ते बसले.